नो ड्यूजच्या फॉर्मवरचे १४,६०० रुपये

युनियनच्या ऑफिसात हिशोब तपासायचं काम माझ्याकडे असतं. गेल्या महिन्यात एका स्टोअर सुपरवायझरचा 'फुल अँड फायनल', म्हणजे नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशोब आला. पगार ३८,०००, राजीनाम्यानंतर शेवटचे १८ दिवस भरलेले, म्हणजे २२,८००. कपात अशी: पीएफ १,८००, व्यवसाय कर २००, सेफ्टी शूज आणि गणवेश २,९००, हरवलेली हत्यारं १४,६००. हातात ३,३००, तेही पाच आठवड्यांनी!

वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्यालाही दोन कामाच्या दिवसांत पैसे द्यावे लागतात. '४५ दिवसांत सेटलमेंट' ही कंपन्यांनीच पाडलेली प्रथा. पूर्वी २४,००० च्या वरचा पगारदार वेतन प्रदान कायद्यात बसत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ ला संहिता लागू झाली आणि ती अट गेली, पण पेरोलवाल्यांच्या डोक्यातून गेलेली नाही.

एकूण कपात त्या पगाराच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही. निम्मे ११,४००. पीएफ आणि कर वजा केला की उरतात ९,४००, म्हणजे नुकसान सिद्ध झालं असतं तरी १४,६०० बसतच नव्हते. सेफ्टी शूज तर मालकानेच फुकट द्यायचे असतात.

खरी गोम हत्यारांत होती. दोन टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने आवळायचे पाने), किंमत लावली नव्या बिलाची, रेंच मात्र चार वर्षं वापरलेले. वस्तू त्याच्याच ताब्यात दिलेली हवी, नुकसान त्याच्याच हलगर्जीमुळे झालेलं हवं आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकायला हवं. इथे कपाटाच्या किल्ल्या तीन, शिफ्टा दोन. मी कॅलिब्रेशनची, म्हणजे हत्याराची अचूकता तपासल्याची कार्डं मागवली. दोन्ही रेंच लॅबला गेलेले, परत येणाऱ्या वस्तूचा रिटर्नेबल गेटपास अजून उघडा! हरवलं काहीच नव्हतं. स्टोअरने नो ड्यूजवर, म्हणजे कामगाराकडे काही बाकी नाही हे सांगणाऱ्या फॉर्मवर, 'शॉर्ट' लिहिलं, सॉफ्टवेअरने ते कपातीत ओढलं, आणि मधल्या एकाही माणसाने त्याला फोन केला नाही. याचा मला अजून राग येतो.

तो मात्र तक्रारच करायला तयार नव्हता. 'काही येणे बाकी नाही' या ओळीखाली त्याची सही होती. हक्काची रक्कम सोडून देणारा असा करार संहितेच्याच कलम ६० खाली रद्दबातल ठरतो, हे पटवायला हिशोबापेक्षा जास्त वेळ गेला. तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो, कापलेल्या रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई मागता येते.

पत्र गेल्यावर १४,६०० परत आले. गणवेशाचे २,९०० अजून अडकलेत. तो अर्ज आता प्राधिकाऱ्याकडे आहे.