राक्षसमुखांची मालिका: दोन झाले, हान्न्या अजून ओलाच

मातीचे पाझुझू (प्राचीन मेसोपोटेमियातला, म्हणजे आजच्या इराकच्या भागातला राक्षस) आणि कीर्तिमुख (देवळाच्या दारावर कोरतात ते मुख) वाळून तयार आहेत. मागच्या नोंदीत मी तिन्ही मुखांना सरसकट ‘दुष्टांचे चेहरे’ म्हटलं होतं, ते चुकलं. माती हातात घेऊन बसल्यावर ध्यानात आलं की यातले दोघे राखणदार आहेत.

पाझुझूसाठी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या छोट्या धातुमूर्तीचे फोटो समोर ठेवले. मूर्ती जेमतेम १५ सेंटिमीटरची. श्वापदाचं तोंड, चार पंख, पक्ष्याचे पंजे, विंचवाची नांगी. हा दुष्ट वाऱ्यांच्या भुतांचा राजा, तसं पंखांमागे कोरलेलंच आहे. पण डोक्यावर एक कडी आहे! म्हणजे ही टांगायची वस्तू. गर्भार बायका आणि तान्ह्या बाळांवर टपलेल्या लमाश्तू या राक्षसिणीला पिटाळायला मेसोपोटेमियात याच्या मुंडक्याचे ताईत वापरत. ती कडी मी आधी किरकोळ समजून गाळली होती. आता बसवली आहे.

कीर्तिमुखाला मी हौसेने खालचा जबडा केला आणि समोर साधा सिंह उभा राहिला. जबडा काढून वरचे दात मोकळे सोडले, तेव्हा ते मुख जिवंत झालं. गोष्टही तीच सांगते: राहूला गिळायला निघालेला भुकेला गण, शिवाच्या आज्ञेवरून स्वतःलाच खात सुटला आणि उरलं ते फक्त मुख. शिवाने त्याला दारावर मानाची जागा दिली.

खरा कस हान्न्याने काढला. जपानी नोह नाटकातला हा मुखवटा, मत्सराने राक्षसी झालेल्या स्त्रीचा. (‘हान्न्या’ हा शब्द मूळचा आपला ‘प्रज्ञा’!) तोंड क्रोधाचं, भुवयांचा भाग मात्र दुःखाचा. नट मान खाली झुकवतो तेव्हा चेहरा झाकोळतो, रडवेला होतो. वर केली की पेटतो. मी दिवा वरून लावून मुखवटा हळूहळू कलवून पाहिला. माझी हान्न्या दोन्हीकडे नुसतीच चिडलेली. बराच वेळ भुवयांशी झटापट केली, पण दोष डोळ्यांच्या खोबणीत होता: ती उथळ होती, सावलीच पडत नव्हती. कोरणीने सुमारे तीन मिलिमीटर खोल केली, भुवईची कड किंचित पुढे आणली. मान खाली केली आणि पहिल्यांदा ती दुःखी दिसली. माझ्या अंगावर काटा आला.

या भानगडीत डावं शिंग तडकलं, आतली तार फार जाड होती. पातळ लगद्याने सांधलं आहे, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं आहे. वाळलं की डोळ्यांना सोनेरी रंग.

पुढे श्योनगाउअर या पंधराव्या शतकातल्या जर्मन चित्रकाराच्या कोरीव चित्रातले, ख्रिस्ती संत अँथनीला छळणारे पिशाच. मायकेलअँजेलोने पोरवयात त्याची नक्कल रंगवताना मासळीबाजारात जाऊन खवले न्याहाळले होते, असं त्याच्या चरित्रात आहे. मीही आधी खवल्यांच्या रेखाटनांपासूनच सुरुवात करतोय.