वेस बंद केलेलं गाव

इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागातल्या भटकंतीत चॅट्सवर्थचा राजवाडा पाहिला, बेकवेलला पुडिंग खाल्लं, भरपूर पाऊसही झेलला. त्यातलं आता फारसं काही आठवत नाही. डोक्यातून जात नाही ते डर्बीशरमधलं ईम हे गाव.

शेफील्डला राहणारी माझी मावसबहीण सोबत होती. गाव बघताक्षणी आवडावं असंच आहे. करड्या दगडाची बसकी घरं, दारावर चढवलेले गुलाब, मागच्या हिरव्या उतारांवर चुन्या-मातीशिवाय रचलेले दगडी बांध, अगदी कोकणातल्या गडग्यांसारखे. सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात आठव्या शतकाच्या सुमाराचा कोरीव दगडी क्रूस उभा आहे आणि भिंतीवर १७७५ सालचं सूर्यघड्याळ. चर्चच्या शेजारच्या घरांसमोर मात्र पाय थबकतात. फुलांच्या वाफ्यामागे पाटी असते, आणि तिच्यावर त्या घरात प्लेगनं गेलेल्यांची नावं. आत आजही माणसं राहतात. खिडकीत पडदे, ओट्यावर चिखलाचे बूट.

१६६५ साली लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापड आलं. ते दमट होतं म्हणून त्याच्या हाताखालच्या जॉर्ज विकर्सनं शेकोटीसमोर वाळत घातलं. कापडात प्लेग पसरवणाऱ्या पिसवा होत्या असं मानतात. सप्टेंबरात विकर्स गेला, मग शेजारीपाजारी. थंडीत साथ मंदावली आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भडकली. तेव्हा, जून १६६६ मध्ये, गावानं ठरवलं की आता कुणी वेशीबाहेर पडायचं नाही. रोग शेजारच्या गावांत जाऊ द्यायचा नाही. सीमेवरच्या दगडाला भोकं आहेत. त्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची आणि बाहेरच्यांनी ठेवलेलं धान्य उचलायचं. चॅट्सवर्थहून डेव्हनशरचे अर्लही रसद पाठवत. चर्चमधली प्रार्थना कक्लेट डेल्फच्या उघड्या घळीत होऊ लागली, प्रत्येक कुटुंब दुसऱ्यापासून लांब उभं. साथ संपेपर्यंत २६० माणसं गेली असं तिथे सांगतात.

या सगळ्याचं श्रेय बहुतेक वेळा धर्मगुरू विल्यम मॉम्पेसनना मिळतं. त्यांची पत्नी कॅथरीन गाव न सोडता ऑगस्टमध्ये गेली. तिची कबर चर्चच्या आवारात आहे. पण मॉम्पेसन गावाला नवखे होते. लोकांचा विश्वास होता तो आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यांच्यावर. चर्चच्या प्रार्थनेबद्दलचा नवा कायदा मानला नाही म्हणून १६६२ मध्ये त्यांचं पद गेलं होतं. धर्माच्या बाबतीत दोघांची मतं जुळणारी नव्हती, तरी या संकटात ते एकत्र उभे राहिले. स्टॅन्लींशिवाय गावानं ऐकलं असतं असं मला वाटत नाही, आणि त्यांचं नाव मागे पडतं याचं मला वाईट वाटतं.

गावाबाहेर चढावर रायली नावाच्या जागी कबरी आहेत. कुरणात एक गोलसर दगडी कुंपण, आत काही शिळा. एलिझाबेथ हॅनकॉकनं १६६६ च्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं इथे पुरली. मदतीला कुणी येणं शक्यच नव्हतं. खड्डे तिनंच खणले, प्रेतं तिनंच ओढत आणली. कुंपणाच्या आत गवत गुडघ्याएवढं होतं. अक्षरं झिजलेली, त्यावर पांढरं-पिवळं दगडफूल. मी बोटानं एकेक नाव चाचपत वाचत गेले आणि तिसऱ्या शिळेपाशी मला पुढे वाचवेना. बहीण म्हणाली, "ताई, बस जरा." आम्ही बसलो. समोर इतकी सुंदर दरी पसरली होती की तिचा रागच आला. त्या बाईलाही रोज हीच दरी दिसत असणार.

प्लेग म्हटलं की आपल्याला १८९७ चं पुणं आठवतं. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची: घरांना कुलपं लावून लोक रानात झोपड्या बांधून राहिले, गोरे सोजीर घरात शिरून माणसं ओढून नेत. आणि त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. पुण्यातली सक्ती वरून लादलेली होती, म्हणून ती लोकांच्या जिव्हारी लागली. ईममध्ये शिपाई नव्हते. एलिझाबेथला रात्री शेत ओलांडून निघून जाता आलं असतं. ती साथ ओसरल्यावरच शेफील्डला, उरलेल्या मुलाकडे गेली.

मोठ्या बसमधून आलेली मंडळी त्या घरांसमोर फोटो काढतात, चहा-स्कोन घेतात आणि निघतात. मला हे सहन झालं नाही. रायलीपर्यंत जेमतेम अर्धा मैल चालायचं असतं. आम्ही तिथे होतो तेवढ्या वेळात दुसरं कुणीही आलं नाही. ईमला जाणार असाल तर आधी तो चढ चढा, चहा नंतर.