बजेटमध्ये जुना टीएलआर कॅमेरा घेताना: माझा अनुभव

टीएलआरच (ट्विन लेन्स रिफ्लेक्स, म्हणजे एकावर एक दोन लेन्स असलेला फिल्म कॅमेरा; वरच्या लेन्समधून येणारं चित्र वरून काचेवर बघून फोकस करायचं, खालची लेन्स फोटो काढते) घ्यायचा हे पक्कं होतं, कुठला ते ठरवण्यातच जाम वेळ गेला. रोलायफ्लेक्स मी यादीत धरलाच नाही. १९२९ पासूनचं नाव, त्या नावाचेच पैसे जास्त पडतात, आणि सगळं बजेट कॅमेऱ्यातच गेलं तर सर्व्हिसिंगला काय उरणार? पन्नास-साठ वर्षं जुनं शटर एकदा उघडून साफ करून घ्यावं लागणारच, म्हणून ते पैसे आधी बाजूला काढले आणि उरलेल्या रकमेत शोध सुरू केला.

मामिया सी३३० ला लेन्स बदलता येते, बेलोज (लेन्समागचा घडीचा भाता) असल्यामुळे खूप जवळचं फोकस होतं, सगळं मस्त, पण वजन दीड किलोच्या वर. मला गळ्यात अडकवून दिवसभर फिरायचंय, त्यामुळे तो बाद. ल्युबिटेल १६६ खूप स्वस्त, पण त्यात फोकस फक्त काचेच्या मधल्या छोट्याशा गोलात कळतं, म्हणजे टीएलआरची खरी मजाच गेली.

मिनोल्टा ऑटोकॉर्डवर मात्र खरंच जीव जडला होता. रोक्कॉर लेन्स अप्रतिम आहे, फिल्म वरून खाली सरळ उतरते त्यामुळे सपाट राहते. पण फोकसचा लिव्हर खाली असतो आणि आतलं ग्रीस वाळून घट्ट झालं की कुणीतरी जोर लावतं आणि तो तुटतो. मी हातात घेऊन बघितलेला पीस असाच घट्ट होता, निमूटपणे परत ठेवला.

यशिकात सगळे १२४जी शोधतात, १९७० चं मॉडेल, फिल्म पुढे घ्यायला क्रँक (फिरवायचा दांडा) आहे, उजेड मोजणारं मीटर आहे. पण ते मीटर १.३५ व्होल्टच्या मर्क्युरी सेलसाठी बनवलेलं, ते सेल आता बनत नाहीत आणि १.५ चा टाकला तर रीडिंग चुकतं. मी मीटरिंग फोनवरच करणार, मग त्याचे पैसे कशाला मोजू? म्हणून यशिका डी बघायला लागलो. नॉबने फिल्म पुढे घ्यायची, शटर दर वेळी हाताने कॉक करायचं (लिव्हर ओढून तयार ठेवायचं), भानगड कमी. आधीच्या डी वर तीन एलिमेंटची (आतल्या काचांची) यशिकॉर लेन्स असते, शेवटच्या काळातल्या डी वर चार एलिमेंटची यशिनॉन. नाव लेन्सच्या रिंगवरच असतं, विक्रेत्याच्या फोटोत झूम करून वाचायचं. यशिकॉर एफ८ ला, म्हणजे अपर्चर (लेन्सचं छिद्र) लहान केल्यावर, छानच आहे, पण पूर्ण उघडी ठेवली की कडा मऊ येतात, म्हणून मी यशिनॉनसाठी थांबलो.

तसा पीस सापडल्यावर घेण्याआधी तपासणी मात्र कसून केली. मागचं दार उघडलं, शटर बी वर धरलं (बटण दाबून ठेवेपर्यंत ते उघडं राहतं), अपर्चर पूर्ण उघडं, आणि मोबाईलचा टॉर्च तिरका मारला. फंगस असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. वरच्या लेन्समध्ये थोडे असले तर चालतील, खालचीच फोटो काढते, ती स्वच्छ हवी. मग एक सेकंदाचा स्पीड, तो कान देऊन ऐकायचा, मध्येच अडकला तर ग्रीस चिकट झालंय. माझा अडकत होता, पण तेवढं सर्व्हिसिंगमध्ये निघतं हे माहीत होतं, त्याच हिशोबाने भाव केला. शेवटी जिथे फिल्म बसते तिथे ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवला, कॅमेरा स्टँडवर लावला, लांबच्या खांबावर वरून फोकस केलं आणि शटर बी वर उघडं धरून मागून कागदावर बघितलं, दोन्हीकडे खांब एकदम धारदार. ही टेस्ट करायला कुणी वेळ काढत नाही आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची, कारण दोन लेन्स जुळत नसतील तर बाकी सगळं चांगलं असून काय उपयोग.

सर्व्हिस होऊन आला, स्लो स्पीड घड्याळासारखे चालतात, पहिल्या रोलचे बाराही फ्रेम सारख्या अंतरावर आलेत. आता बे वन मापाचा (या लेन्सवर बसणाऱ्या खाचेचं माप) पिवळा फिल्टर आणि हूड (लेन्सवर सावली धरणारं झाकण) शोधतोय, कारण या जुन्या लेन्सना समोरून ऊन आलं की कॉन्ट्रास्ट पार बसतो.