बंड्याची केसगळती

थंडी सरून नाशकात द्राक्षांच्या गाड्या लागल्या की आमच्या बंड्याचे केस सुटायला लागतात. बंड्या म्हणजे करडा ससा. तसे सशाचे केस वर्षभर थोडेफार गळतातच, पण दिवस मोठा होऊ लागला की हिवाळ्यातला आतला दाट थर भराभर निघतो. आधी डोकं, मान, मग पाठ, शेवटी कुशी. अर्धवट गळतीत तो इतका विचित्र दिसतो की पाहुणे हळूच विचारतात, याला खरूज तर नाही ना?

घरात सगळ्यांना चिंता सोफ्याची आणि आमटीत सापडणाऱ्या केसांची. सासूबाईंनी तर फर्मानच काढलं, "अगं, एकदा कोमट पाण्याने न्हाऊ घाल की त्याला!" सशाला न्हाऊ घालत नाहीत, घाबरून त्याच्या जिवावर बेतू शकतं. मला धास्ती असते ती त्याच्या पोटाची. अंग चाटताना तो केस गिळतो, आणि सशाला उलटी होत नाही. गिळलेलं सगळं पुढेच सरकायला हवं.

म्हणून रोज सकाळी मी आधी लेंड्या बघते. (हसा खुशाल.) एरवी त्या गोल, कोरड्या, सुट्या असतात. गळतीत दोन-तीन लेंड्या केसात ओवलेल्या माळेसारख्या निघतात. केस बाहेर पडतायत, इतपत ठीक. पण लेंड्या बारीक झाल्या किंवा कमी पडल्या की माझं लक्ष कामात लागत नाही.

यंदा तसंच झालं. संध्याकाळी बंड्याने कोथिंबिरीकडेही पाहिलं नाही. कोपऱ्यात अंग चोरून बसला, दात करकर वाजवत. सकाळपर्यंत वाट पाहण्यात अर्थ नव्हता; दहा-बारा तास पोट रिकामं राहिलं तर सशाचं आतडंच थंडावतं. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर बरेच, ससा बघणारे थोडे, त्यामुळे फोन करून विचारूनच निघालो. डॉक्टरांनी पोट चाचपलं, कातडीखाली सलाईन दिलं, दुखणं थांबायचं औषध दिलं. घरी सिरिंजने पातळ खाणं भरवायला सांगितलं. रात्री उशिरा चार लेंड्या पडल्या तेव्हा नवऱ्याने सासूबाईंना उठवून बातमी दिली!

अननसाच्या रसाने पोटातले केस विरघळतात, असं बरेच जण सांगतात. विरघळत नाहीत. पोट चालतं ठेवतो तो वाळला चारा आणि पाणी. टिमोथी नावाचा वाळलेला घास ऑनलाइन मागवावा लागतो. लसूणघास इथे सहज मिळतो, पण त्यात कॅल्शियम फार, मोठ्या सशाला तो रोज नको. रविवार कारंज्यावर चांदीच्या गणपतीपाशी दुर्वांच्या जुड्या मिळतात. त्या स्वच्छ धुऊन दिल्या की बंड्या आधी त्यांच्यावर तुटून पडतो.

विंचरायचं म्हणाल तर धातूच्या दातांचा ब्रश मी वापरत नाही, सशाची कातडी फार पातळ असते. हात ओलसर करून पाठीवरून फिरवते, सुटे केस तळव्याला चिकटून येतात. मग रबरी ब्रश. हे सगळं गॅलरीत, पंखा बंद करून. बंड्याने मागचा पाय आपटला की त्या दिवसापुरतं पुरे. गुंता झाला तर कात्री लावायची नाही, बोटांनी सोडवत बसायचं.

पुढची मोठी गळती पावसाळा संपता संपता. घास त्याआधीच मागवून ठेवणार आहे, आणि ससा बघणाऱ्या डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय.