नवव्या प्रश्नापाशी अडलेला अर्ज

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलामुलींमधलं नैराश्य हा माझ्या पीएच.डी.चा विषय. तो मंजूर झाला तेव्हा मला वाटलं, आता गुगल फॉर्म फिरवायचा आणि कामाला लागायचं. गाईड मॅडम म्हणाल्या, "आधी एथिक्स कमिटी."

संशोधनात भाग घेणाऱ्यांना इजा होणार नाही ना, हे ही समिती तपासते. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. तिच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा समितीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात आणि एक सामान्य नागरिकही असतो. प्रश्नावलीत कसली आलीय जोखीम, असं धरून मी त्वरित परीक्षणासाठी, म्हणजे पूर्ण बैठकीशिवाय होणाऱ्या तपासणीसाठी, अर्ज केला. समितीने तो पूर्ण बैठकीपुढे नेला. कारण होतं पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची चाचणी. तिचा नववा प्रश्न विचारतो की गेल्या दोन आठवड्यांत आपण मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार किती वेळा आले.

बैठकीत एका सदस्यांनी विचारलं, "रात्री अकरा वाजता कोणी इथे 'जवळजवळ रोज' अशी खूण केली, तर पुढे काय?"

"फॉर्म निनावी आहे, सर."

"म्हणजे उत्तर तुम्हाला दिसणार, माणूस दिसणार नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नववा प्रश्न वगळून केलेली पीएचक्यू-८ ही चाचणी उपलब्ध आहे. ती घेतली असती तर मंजुरी लवकर मिळाली असती. मॅडमनीही तेच सुचवलं. पण ज्या मुलांच्या मनाबद्दल लिहायचं, त्यांना नेमकं हेच विचारायचं नाही, हे मला पटेना. मी गुगल फॉर्म सोडला. समोर बसून, कागदावर, दिवसाला पाच-सहाच जण. त्यांच्यादेखत नववं उत्तर वाचायचं, आणि त्याच दिवशी भेटू शकेल अशी समुपदेशक आधीच ठरवून ठेवायची. ४०० जणांचा नमुना १२० वर आला. मला त्याची खंत नाही.

मग संमतीपत्र. 'आपली माहिती पूर्णतः गोपनीय राहील' असं मी लिहिलं होतं. आता ते खरं राहिलं नव्हतं. नवं वाक्य असं झालं: 'तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी आधी तुमच्याशी बोलेन आणि मग समुपदेशकांना कळवेन.' खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर. समितीतले सामान्य नागरिक म्हणजे एक निवृत्त शिक्षक. त्यांनी माझं 'सदर संशोधनातील सहभाग ऐच्छिक असून' मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "या मुलांनी आजवर किती फॉर्म भरलेत! हे न वाचताच सही करतील. बोलल्यासारखं लिहा." अभ्यासिकेच्या मालकांची परवानगी म्हणजे मुलांची संमती नव्हे, हेही त्यांनीच लिहून घ्यायला लावलं. चाचणीच्या वेळी मालक खोलीत नकोत.

त्यांचं बोलणं मला लागलं, कारण बी.ए.ला असताना मी स्वतः प्रयुक्त, म्हणजे जिच्यावर प्रयोग केला जातो ती, होते. एका अभ्यासात आम्हाला सांगितलं गेलं की तुमचे गुण वर्गाच्या सरासरीपेक्षा बरेच कमी आहेत. ते खोटं होतं, प्रयोगाचा भाग होता. पण प्रयोग संपल्यावर कोणी तसं सांगितलंच नाही. ते मला पुढच्या वर्षी, तेही योगायोगाने कळलं. मधल्या काळात मी स्पेशल विषय बदलायला निघाले होते. त्या दिवशी खोलीतून उठून जावंसं वाटत होतं, पण सर दाराशी उभे होते आणि प्रात्यक्षिकाचे गुण त्यांच्या हातात होते. म्हणून मी माझ्या संमतीपत्रात लिहिलं: 'नको वाटलं तर मधूनच उठून जा. कारण सांगायची गरज नाही. अर्धवट कागद तुमच्यासमोर फाडला जाईल.'

जूनमधला अर्ज नोव्हेंबरमध्ये मंजूर झाला. दोनदा सुधारून दिला होता.

पहिल्याच दिवशी एका मुलीने संमतीपत्र दोनदा वाचलं. "ताई, मधूनच उठले तर खरंच चालेल?"

"चालेल."

तिने सही केली, सहा प्रश्न सोडवले, सातव्यावर पेन थांबलं. मग तिने कागद माझ्याकडे सरकवला. मी तो तिच्यासमोर फाडला आणि १४४१६ लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. ती तिने घडी करून पाऊचमध्ये ठेवली आणि आपल्या टेबलाकडे गेली.