चोर्ला घाट उतरताना

आज दुपारी बेळगावहून बाईकने साखळीला परतलो, चोर्ल्याच्या घाटातून. वर धुकं इतकं दाट की पुढच्या ट्रकचा लाल दिवाच तेवढा दिसत होता. अशात हाय बीम लावला की उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. लो बीम आणि हळू, बस.

उतारावर मी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवतो, क्लच न दाबता. मग वेग इंजिनच धरून ठेवतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारी पोरं पाहिली की जीव खालीवर होतो. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि नेमके वळणावर धरत नाहीत.

एका वळणावर ओल्या डांबरावर निळे-जांभळे रंग चमकत होते. डिझेल सांडलेलं! वेग आधीच कमी होता, त्यामुळे ब्रेकला हात न लावता गाडी सरळ ठेवून पलीकडे गेलो. पुढे कडेला थांबून मागच्यांना हात केला. एक जोडपं आलं, मागे बसलेल्या ताईंच्या डोक्यावर हेल्मेट नाही. मागच्यालाही ते सक्तीचं आहे हो!

घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, असा नियमच आहे. भरलेला ट्रक चढावर थांबला की पुन्हा उचलणं कठीण, आणि वळताना त्याला आपली बाजूही लागते. हॉर्न द्या, डावीकडे राहा, आत घुसू नका.

चवथीला बरेच जण याच वाटेने गावी येतील. निघण्याआधी टायर आणि ब्रेक मेकॅनिकला दाखवून घ्या.