रेट्रोपायचा स्प्लॅश काळा पडला तर : माझा अनुभव

रेट्रोपाय म्हणजे रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर जुने गेम खेळायची सिस्टिम, आणि स्प्लॅश म्हणजे ती चालू होताना दिसणारं चित्र. सगळं सेट करून मिळणारं रेट्रोपायचं मेमरी कार्ड घेतलं की पाय चालू करताना दर वेळी विकणाऱ्याची जाहिरात बघावी लागते. मोठा लोगो, खाली व्हॉट्सअ‍ॅप नंबर. ती काढून आपलं चित्र लावायला खरं तर दहा मिनिटं पुरतात. माझं घोडं अडलं ते कार्ड विकणाऱ्याने 'ही फाईल टाका, होऊन जाईल' म्हणून पाठवलेल्या एका ओळीच्या फाईलमुळे. स्क्रीन काळी पडल्यावर त्याचं एकच पालुपद : कार्ड परत फ्लॅश करावं लागेल (म्हणजे सगळं नव्याने भरावं लागेल), चार्ज वेगळा. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी बिघडलेलं चित्र कुणाचं ते ठरवा. पाय चालू होताना एकामागून एक बरंच काही दिसतं. इंद्रधनुष्यी चौकोन फर्मवेअरचा, म्हणजे पायच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रॅमचा. चार लहान रास्पबेरी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या), प्रोसेसरच्या एका कोअरला एक. त्यानंतर मजकुराच्या ओळी, मग रेट्रोपायचा स्प्लॅश, मग गेमचा मेनू दाखवणाऱ्या इम्युलेशनस्टेशनचं स्वतःचं लोडिंग. गेम उघडताना येणारं चित्र तर पूर्ण वेगळं, ते त्या त्या सिस्टिमच्या कॉन्फिग्ज फोल्डरमधलं लाँचिंग डॉट पीएनजी. इंद्रधनुष्यावरच गाडी थांबत असेल तर स्प्लॅशच्या नादी लागू नका. कर्नलच लोड होत नाहीये, कार्ड किंवा बूट विभाग तपासा.

इंद्रधनुष्य नको असेल तर कॉन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये डिसेबल स्प्लॅशची किंमत 1 करा. रास्पबेरी आणि मजकूर घालवायला सीएमडीलाईन डॉट टीएक्सटीमध्ये लोगो डॉट नोलोगो आणि क्वाएट घाला. त्या फाईलमधला सगळा मजकूर एकाच ओळीत राहिला पाहिजे, एंटर दाबून दुसरी ओळ केलीत तर ती वाचलीच जात नाही.

आता मुख्य दुखणं. रेट्रोपाय कोणतं चित्र दाखवायचं ते ईटीसी फोल्डरमधल्या स्प्लॅशस्क्रीन डॉट लिस्ट या फाईलमधून वाचतो. त्यात ओळीला एक असा चित्राचा पूर्ण पत्ता असतो. माझ्या कार्डात रेट्रोपायचा सेटअप मेनूच काढून टाकलेला, त्यामुळे ही यादी हाताने बदलण्यावाचून इलाज नव्हता. पाठवलेली फाईल जागेवर ठेवली, चित्र स्प्लॅशस्क्रीन्स फोल्डरमध्ये टाकलं, रीबूट केलं, तर नुसती काळी स्क्रीन आणि मग थेट गेमचा मेनू.

वैताग याचा की तपासाल ते सगळं ठीक दिसतं. एस्प्लॅशस्क्रीन सर्व्हिसचं स्टेटस बघितलं तर हिरवं. लॉगमध्ये तक्रार नाही, कारण चित्र दाखवणाऱ्या एफबीआय या प्रोग्रॅमचा सगळा आऊटपुट त्या सर्व्हिसची स्क्रिप्ट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, ढकलते. म्हणून एफबीआय स्वतः चालवून बघायचा. एफ4 दाबून इम्युलेशनस्टेशन बंद करा आणि एसएसएचवरून (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कने पायला जोडून) सुडो एफबीआय, हायफन कॅपिटल टी 2, हायफन ए, आणि पुढे चित्राचा पूर्ण पत्ता अशी कमांड द्या. कॅपिटल टी 2 गाळलंत तर 'हा लिनक्स कन्सोल नाही' अशी कुरकुर येईल. टीव्हीवर चित्र नीट उमटलं, म्हणजे चित्राला दोष नाही. बघून झालं की सुडो किलऑल एफबीआय.

चित्र चांगलं, सर्व्हिस चांगली, मग उरली यादीच. ती नॅनो या टेक्स्ट एडिटरने उघडली तर स्वच्छ दिसते आणि खरी मेख तिथेच आहे. फाईल विंडोजवर बनवलेली असली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा अक्षर येतं. लिनक्स ते नावाचाच भाग समजतो, आणि पीएनजीनंतर शेपूट असलेली फाईल काही फोल्डरमध्ये नसते. नॅनो हे शेपूट लपवतो. उघडताना खालच्या पट्टीवर डॉस (म्हणजे विंडोजच्या) फॉरमॅटबद्दल एक सूचना चमकून जाते, तेवढंच. आणि सेव्ह करताना तो पुन्हा डॉस फॉरमॅटमध्येच लिहितो, त्यामुळे अख्खी ओळ खोडून पत्ता नव्याने टाईप केला तरी शेपूट परत हजर.

ते बघायचं असेल तर कॅट, हायफन, कॅपिटल ए आणि फाईलचं नाव. चांगल्या ओळीच्या शेवटी फक्त डॉलरचं चिन्ह दिसतं. माझ्याकडे पीएनजीला चिकटून टोपीचं चिन्ह, एम आणि मग डॉलर होता. उपाय दोन. हे शेपूट काढणारा डॉसटूयुनिक्स हा प्रोग्रॅम इन्स्टॉल करून सुडोने त्या फाईलवर चालवा. नाहीतर नॅनोमध्येच कंट्रोल-ओ दाबा, फाईलचं नाव विचारेल तिथे ऑल्ट-डी दाबून डॉस फॉरमॅट बंद करा, मग एंटर. रीबूट केल्यावर माझा स्प्लॅश आला. फ्लॅशचा चार्ज वाचला!

ज्यांच्याकडे सेटअप मेनू शाबूत आहे त्यांनी स्प्लॅशस्क्रीनच्या पर्यायात जाऊन चित्र निवडावं, यादी नव्याने लिहिली जाते. अपेंड मात्र नको; त्याने नवी ओळ जोडली जाते, खराब ओळ तशीच राहते.

यादीत चार चित्रं टाकलीत तर साधारण 12 सेकंद त्यांच्यात वाटले जातात, म्हणजे प्रत्येकाला 3. जुना टीव्ही सिग्नल पकडायलाच तेवढा वेळ घेतो, त्यामुळे पहिलं चित्र गेल्यातच जमा. एकच ठेवा. तरीही मेनू लवकर येऊन चित्र झाकत असेल तर ऑटोस्टार्ट डॉट एसएचमध्ये इम्युलेशनस्टेशनच्या ओळीच्या वर स्लीप 4 लिहा.

चित्र 1280 बाय 720 किंवा 1920 बाय 1080 चं साधं पीएनजी असू द्या. मोबाईलवरचा 12 मेगापिक्सेलचा फोटो तसाच टाकला तर पाय 3 ला तो उघडायलाच वेळ लागतो. नेटवरून उतरवलेलं 'जेपीजी' बरेचदा आतून वेबपी या वेगळ्याच प्रकारचं निघतं. फाईल नावाची कमांड खरा प्रकार सांगते. विंडोज एक्स्टेंशन लपवतं, त्यामुळे पीएनजी डॉट जेपीजी असं दुहेरी नाव होऊन बसतं. नावातलं लहान-मोठं अक्षरही यादीत तंतोतंत जुळायला हवं.

अडॅप्टरचं राहिलंच. पाय 4 ला 5 व्होल्ट 3 अँपियर लागतात, मोबाईल चार्जरवर भागवू नका. व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड या कमांडचं उत्तर 0एक्स0 आलं तर वीज पुरेशी आहे. तुमच्याकडे ठरलेल्या दिवशी लाईट जात असेल तर त्या दिवशी सकाळी पाय मेनूतून शटडाऊन करून ठेवा. लिहिणं चालू असताना वीज गेली तर कार्डच खराब होऊ शकतं.

आणि बॅकअपसाठी कार्ड लॅपटॉपला लावलं की विंडोज 'ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का' विचारतं, कारण लिनक्सचा विभाग त्याला वाचता येत नाही. तिथे कॅन्सल दाबा, मगच कार्डाची इमेज (पूर्ण नक्कल) काढायला घ्या.